चूल व भानवस
स्वयंपाकाची चूल मातीची, आणि तिच्यामागचा भांडी टेकवायचा बुटका ओटा म्हणजे भानवस. इथली चूल फुलसावंगीची (ता. महागाव, जि. यवतमाळ); हे कापसाच्या काळ्या मातीच्या मुलखातले गाव. ही माती वाळताना आकसते व तडकते, म्हणून चुलीसाठी पांढरी माती बरी; तिच्यात कुटार (भुसा), शेण मिसळून मळतात. चूल सावलीत वाळवावी, उन्हात भेगा पडतात. वरचे तीन उंचवटे भांडे तोलतात आणि त्यांच्या फटींतून धूर निघतो. चुलीला जोडलेल्या शेजारच्या तोंडावर, म्हणजे वैलावर, उरल्या आचेने वरण शिजते. रोज पोतेरे, सणाला गेरू आणि चुन्याची बोटे. घरातल्या बायकांची ही खरी शिल्पकला. उज्ज्वला योजनेनंतर (2016) गॅस वाढला, तरी भाकरीसाठी अनेक घरांत चूल पेटतेच.