निरोप घरापर्यंत पोचावा म्हणून

मुंबईच्या वस्तीतली सातव्या महिन्यातली बाई दुपारची वेळ निवडते. त्या वेळी घरात जरा निवांत असते आणि नवऱ्याचा फोन तिच्या हाती असतो. ठरल्या वेळी फोन वाजतो आणि मराठीत मिनिट-दीड मिनिट एक आवाज बोलतो: बाळ आता कसे वाढते आहे, लोहाच्या गोळ्या का चुकवू नयेत, कोणती लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठायचा. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 मध्ये स्थापन केलेल्या ‘आरमान’ संस्थेच्या ‘एममित्र’ सेवेची ही रीत. त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचता यायलाही हवे असे नाही. फोनच्या मदतीने बालविकासाचे काम करण्याच्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने या साध्या फोनपासूनच सुरुवात करावी.

बालविकासाचा विचार गर्भारपणापासून का करायचा, याला आता भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी 2018 मध्ये मांडलेल्या चौकटीत आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांच्या बरोबरीने बाळाच्या हाकेला ओ देणारी माया मोजली आहे. पण माझ्या मते या विषयाचा खरा पाया जमैकात आहे. 1980च्या दशकात संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी तिथे वाढ खुंटलेल्या 129 मुलांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात, घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवत. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ही मुले भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त कमावत होती.

दारात येणाऱ्या अशा आरोग्यसेविकेचे किती काम फोन करू शकेल, हा आपला प्रश्न. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत 72 संदेश ऐकवते. मध्य प्रदेशात तिची शास्त्रीय चाचणी झाली, तेव्हा गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढलेला दिसला. निव्वळ स्तनपानात मात्र फरक पडला नाही. हा निकाल मी मुद्दाम आरंभीच सांगत आहे. बाळाला छातीशी कसे धरायचे, हे शेजारी बसूनच दाखवावे लागते.

म्हणून अंगणवाडी सेविका या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, कारण फोन काम देत नव्हते आणि नोंदींचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप इंग्रजीत होते. त्यांनी मागितलेली मराठी हा हट्ट नव्हता. जी भाषा वापरणारीला वाचता येत नाही, त्या भाषेतले साधन कुटुंबापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक पेच आहे. वर्षाच्या आतल्या बाळासमोर पडदा धरूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. म्हणजे आपले साधन आईबापांसाठी, बाळासाठी नव्हे. संदेश ऐकून फोन खाली ठेवला जावा आणि बाळाशी बोलणे सुरू व्हावे, अशी त्याची रचना हवी.

ॲप बांधायला निघालेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे: पहिली ओळ लिहिण्याआधी एक सकाळ अंगणवाडीत बसा, आणि घरातला फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो ते तिथल्या आयांना विचारा.