परंडा किल्ला व दुर्गसंरक्षणातील पर्यायव्यवस्था

परंडा किल्ला : महाराष्ट्र राज्याच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील एक मध्ययुगीन भुईकोट किल्ला. परंडा हे तालुक्याचे ठिकाण बार्शीच्या पश्चिमेस सु. २५ किमी. अंतरावर सीना नदीच्या खोऱ्यात वसले आहे. दख्खनच्या इतिहासात या किल्ल्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एखाद्या व्यवस्थेचे सर्व अस्तित्व एकाच आधारावर अवलंबून राहू नये, या तत्त्वाचा त्याच्या बांधणीत काटेकोर विचार केलेला आढळतो. तसेच राजधानी पडूनही राज्य कसे टिकते, याचे एक ठळक उदाहरण येथे घडले. उलट, तटबंदीत साधलेले हे तत्त्व अधिकाऱ्यांच्या नेमणुकीत न साधल्यास काय होते, याचीही साक्ष हाच किल्ला देतो.

रचना : किल्ल्याची उभारणी परंपरेने बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान (मृ. १४८१) याच्याकडे दिली जाते. अहमदनगर, सोलापूर, नळदुर्ग, औसा, उदगीर व धारूर या किल्ल्यांच्या साखळीतील परंडा ही एक कडी होय. गिरिदुर्गाला डोंगराचा कडा हे नैसर्गिक संरक्षण असते. सपाटीवरील किल्ल्याला तसा आधार नसल्याने तो बांधकामातूनच निर्माण करावा लागतो. त्यामुळे भुईकोटाच्या रचनेत अडथळ्यांची मालिका महत्त्वाची ठरते. परंडा येथे बाहेरून खंदक, त्याच्या आत पहिला तट व त्यामागे अधिक उंचीचा मुख्य तट अशी योजना आहे. सु. २६ बुरुजांनी तटाला बळकटी आणली आहे. शत्रूने खंदक बुजविला, तरी त्याला बाहेरच्या तटाशी झुंजावे लागे. तो तट फुटला, तरी दोन तटांमधील अरुंद पट्ट्यात सापडलेल्या सैन्यावर आतल्या तटाच्या चर्यांमधून व जंग्यांमधून मारा करता येई. प्रवेशमार्गही सरळ नसून वळणे घेत एकामागून एक दरवाज्यांतून आत जातो. त्यामुळे हत्तीला धाव घेऊन दरवाज्याला धडक देणे कठीण होई आणि एक दरवाजा पडला, म्हणजे किल्ला पडला असे होत नसे.

बुरुजांच्या मांडणीतही हाच विचार दिसतो. बुरूज तटाच्या पुढे आलेला असल्याने त्यावरून शेजारच्या तटाच्या पायथ्यावर आणि लगतच्या बुरुजाच्या दर्शनी भागावर मारा करता येतो. एका बुरुजावरील तोफ बंद पडली, तर त्याच्या समोरची जमीन दोन्ही बाजूंच्या बुरुजांच्या माऱ्याखाली राहते. प्रत्येक जागेचे रक्षण किमान दोन ठिकाणांहून होणे, हे या योजनेचे सूत्र होय.

मलिक-इ-मैदान : परंड्याच्या शस्त्रसामग्रीत मलिक-इ-मैदान ही तोफ विशेष प्रसिद्ध होती. ती १५४९ मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. चार मीटरांहून अधिक लांब व सु. ५५ टन वजनाची ही तोफ काही काळ परंडा येथे होती. १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली व आजही ती तेथील बुरुजावर आहे. एवढी प्रचंड तोफ गेल्यामुळे किल्ला दुबळा व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तसे झाले नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी मोगलांनी घातलेला मोठा वेढा परंड्याने परतविला. किल्ल्याचे बळ एका तोफेत नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

राजधानीचा पर्याय : अहमदनगरच्या निजामशाहीवर अकबराच्या सैन्याने आघात केला, तेव्हा परंड्याला राजकीय महत्त्व प्राप्त झाले. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. चांदबीबी तत्पूर्वीच स्वपक्षीयांच्या हातून मारली गेली होती आणि बालराजा बहादुरशहा मोगलांच्या कैदेत जाऊन ग्वाल्हेरला रवाना झाला. राजधानी, राजा व राज्याची कर्ती व्यक्ती ही तिन्ही एकाच वेळी नाहीशी झाली. तत्कालीन कल्पनेप्रमाणे हा राज्याचा शेवट होता. तथापि मलिक अंबर व इतर सरदारांनी राजघराण्यातील एका पुरुषाला मुर्तझा निजामशहा (दुसरा) (कार. १६००–१०) या नावाने गादीवर बसविले आणि परंडा येथून राज्यकारभार सुरू ठेवला. हे शक्य झाले, याची कारणे तीन होती : राजघराण्याची दुसरी शाखा हाताशी होती, राजधानीपासून दूर, परंतु राज्याच्या हद्दीतच, एक मजबूत किल्ला शाबूत होता, आणि सरदारांच्या फौजा राजधानीत कोंडल्या गेलेल्या नव्हत्या. पुढे राजधानी जुन्नर व नंतर दौलताबाद येथे हलविण्यात आली. पण अत्यंत बिकट काळात परंड्याने दिलेल्या आश्रयामुळे निजामशाहीला आणखी छत्तीस वर्षांचे आयुष्य लाभले.

या पर्यायव्यवस्थेतील धोकाही याच काळात उघड झाला. मुख्य केंद्र नाहीसे झाल्यावर राज्याच्या वतीने आज्ञा देण्याचा अधिकार कोणाचा, याचा निर्णय झालेला नव्हता. मलिक अंबर व राजू दखनी या दोघांनी निजामशहाच्याच नावाने प्रदेश वाटून घेतला आणि ते परस्परांशी लढू लागले. शत्रूशी लढण्याची शक्ती अंतर्गत कलहात खर्ची पडली. १६०७ मध्ये राजूचा पराभव होऊन तो कैद झाला, तेव्हाच राज्याला पुन्हा एकमुखी नेतृत्व मिळाले. पर्याय तयार ठेवणे जितके आवश्यक, तितकेच एका वेळी एकच पर्याय अधिकारावर असेल याची निश्चिती करणे आवश्यक असते, हा यातून निघणारा निष्कर्ष होय. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजी भोसले यांनी पेमगिरी येथे निजामशाही वंशातील एका मुलास गादीवर बसवून हाच प्रयोग पुन्हा केला; मात्र या वेळी मोगल व विजापूर यांची एकजूट झाल्याने १६३६ मध्ये तो संपुष्टात आला. दोन शत्रूंपैकी एक नेहमी दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडेल, या एकाच गृहीतावर तो उभा होता आणि ते गृहीतच ढासळले.

वेढे : मोगलांनी परंड्यावर चालून जाण्याचे दोन मोठे प्रयत्न केले. पहिल्या प्रयत्नात आझमखानाने १६३१ च्या सुमारास किल्ल्याला वेढा घातला. दख्खनमधील १६३०–३२ चा भीषण दुष्काळ त्या वेळी सुरू होता. आसपास वैरण मिळेना, म्हणून त्याला वेढा उठवावा लागला. दुसरा वेढा १६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान यांनी घातला. महाबतखानाने आदल्याच वर्षी दौलताबादसारखा अभेद्य मानला जाणारा किल्ला जिंकलेला होता. परंड्याला मोर्चे लावले गेले, सुरुंग खणले गेले. परंतु विजापूरच्या फौजांनी बाहेरून रसद व वैरण तोडल्यामुळे वेढा घालणारे सैन्यच अडचणीत आले. सरदारांमधील बेबनाव व जवळ आलेला पावसाळा यांमुळे मोगलांना बुऱ्हाणपूरकडे परतावे लागले. त्याच वर्षी महाबतखान मरण पावला. या दोन्ही वेढ्यांत किल्ल्याच्या आत धान्य व पाण्याचा साठा होता, तर बाहेरच्या प्रचंड छावणीचे जीवन दूरवरून येणाऱ्या एकाच पुरवठामार्गावर अवलंबून होते. ज्याचा आधार एकमेव, तो पक्ष हरला.

किल्लेदार : शक्तीने न पडलेला परंडा दोनदा माणसांच्या द्वारे पडला. निजामशाहीच्या पडत्या काळात तो विजापूरकडे गेला, तो किल्लेदारास वश करून घेतल्यामुळे, असे मोगल दरबारी वृत्तांतात म्हटले आहे. १६५७ च्या तहाने विजापूरने बीदर व कल्याणी यांबरोबर परंडाही मोगलांना देण्याचे मान्य केले. परंतु शाहजहानच्या आजारानंतर वारसायुद्ध सुरू झाले आणि किल्ल्याचा ताबा मोगलांना मिळाला नाही. अखेर १६६० मध्ये गालिब या आदिलशाही किल्लेदाराने द्रव्याच्या मोबदल्यात परंडा मोगलांच्या स्वाधीन केला. खंदक, दुहेरी तट, बुरूज, दरवाज्यांची मालिका हे सर्व शाबूत होते. सर्व दरवाज्यांच्या किल्ल्या मात्र एकाच माणसाच्या हाती होत्या.

मराठ्यांची योजना : या दोषाची जाणीव मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेत स्पष्टपणे दिसते. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीनुसार शिवाजी महाराजांनी प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी नेमले. ते एका दर्जाचे असून कारभार तिघांनी मिळून करावयाचा होता. त्यांच्या नेमणुकीत भिन्न जातींचा मेळ घालण्याचीही दक्षता घेतली जाई. मोठा घेर असलेल्या किल्ल्यावर पाच-सात तटसरनोबत नेमून त्यांना तटाचे भाग वाटून दिले जात. एका अधिकाऱ्याचे मन फिरले, तरी उरलेल्या दोघांच्या संमतीवाचून किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये, हा यामागील हेतू होता.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात (१७१५-१६) हाच विचार दुर्गरचनेला लावलेला आढळतो. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानून दोन-तीन दरवाजे व चोरदिंड्या राखण्यास त्यात सांगितले आहे. पाण्याबाबतचा आदेश विशेष उद्‌बोधक आहे. एक झरा आहे, एवढ्यावर विसंबू नये. युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे कमी होण्याचा संभव असतो, म्हणून राखीव पाण्याची टाकी खोदून ठेवावी, असे या ग्रंथाचे सांगणे आहे. हा उपदेश केवळ पुस्तकी नव्हता. १६८९ मध्ये रायगड पडला व राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभाराची सूत्रे रामचंद्रपंतांकडेच सोपविण्यात आली होती. राजा एकीकडे, कारभार दुसरीकडे आणि फौजा सर्वत्र, अशा विभागणीमुळे १६९८ मध्ये जिंजी पडूनही मराठी राज्य संपले नाही.

मात्र या योजनेलाही मर्यादा होत्या. औरंगजेबाने अखेरच्या मोहिमेत विशाळगड (१७०२), सिंहगड (१७०३) यांसारखे किल्ले रक्कम देऊन मिळविले; तोरणा (१७०४) हा लढून घेतलेला अपवाद मानला जातो. तीन अधिकारी परस्परांवर नियंत्रण ठेवतात, ते त्यांच्या अडचणी भिन्न असतील तोवरच. दीर्घ वेढ्यात उपासमार, निराशा व कुमक न येण्याची खात्री या गोष्टी तिघांवर सारख्याच येतात आणि मग तिघांचा निर्णयही एकच होतो.

आधुनिक तंत्रविद्येतील तत्त्व : हाच प्रश्न विसाव्या शतकात संगणकांच्या रचनेत नव्याने उभा राहिला. जॉन फोन नॉयमान याने १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात भरवशाच्या नसलेल्या घटकांपासून भरवशाचे यंत्र कसे बनवावे, याची गणिती मीमांसा केली. टँडेम या अमेरिकन कंपनीने १९७६ मध्ये कोणताही एक भाग बंद पडला तरी काम न थांबणारा संगणक बाजारात आणला. १९८३ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने अनेक संगणक एकत्र जोडून एकाप्रमाणे चालविण्याची व्यवस्था जाहीर केली. बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये यांसारख्या सेवांसाठी अशा संगणकसमूहांचा वापर पुढे सर्वत्र रूढ झाला.

अशा समूहात वीजपुरवठा, जाळ्याच्या जोडण्या, माहितीचे साठे व स्वतः संगणक ही प्रत्येक गोष्ट किमान दुहेरी ठेवतात. संगणक ठराविक अंतराने परस्परांना आपण चालू असल्याचा संकेत पाठवितात. तो येणे थांबले, की राखीव संगणक काम हाती घेतो. परंतु संगणक चालू असून केवळ मधली जोडणी तुटली, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून एकाच माहितीवर परस्परविरोधी नोंदी करू लागतात. मलिक अंबर व राजू दखनी यांच्या काळात निजामशाहीची झालेली अवस्था याहून फारशी वेगळी नव्हती. यावर उपाय म्हणून बहुमताचा नियम लावतात. समूहात तीन किंवा पाच अशी विषम संख्या ठेवून निम्म्याहून अधिक घटक ज्या बाजूला असतील, तिलाच काम चालविण्याचा अधिकार देतात.

दुहेरी व्यवस्था ही केवळ संख्येने दुहेरी असून भागत नाही, याचे उदाहरण मुंबईत घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास बंद पडले. बाजाराने दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या घेतलेल्या होत्या. तथापि दोन्हींच्या जोडण्यांत एकाच वेळी अडचणी आल्याचे त्याने जाहीर केले. दोन तट एकाच सुरुंगाने उडण्यासारखे असतील, तर ते एका तटाएवढेच ठरतात.

मूल्यमापन : परंड्याच्या इतिहासावरून संरक्षणाच्या तीन पातळ्या वेगळ्या काढता येतात. पहिली पातळी वस्तूंची असून तीत तट, खंदक, पाणी व शस्त्रे येतात. या बाबतीत परंड्याच्या रचनाकारांनी उणीव ठेवली नाही. दुसरी पातळी अधिकारपरंपरेची. तेथे १६०० मध्ये परंडा उपयोगी पडला, परंतु निर्णयाधिकाराचा नियम नसल्याने सात वर्षे कलहात गेली. तिसरी पातळी विश्वासाची. तेथे विजापूरच्या व्यवस्थेने एका किल्लेदारावर सर्व भार टाकला आणि किल्ला गमावला. आधुनिक समूहांतही यंत्रे दुहेरी असून सर्व अधिकार एकाच व्यवस्थापकाच्या हाती असल्यास हीच त्रुटी राहते. म्हणून महत्त्वाच्या बदलांना दोघांची संमती घेण्याची प्रथा अनेक संस्थांनी स्वीकारली आहे. मोगलांनंतर परंडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात गेला. १९४८ मध्ये ते राज्य भारतात विलीन झाल्यावर व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. किल्ल्याचे तट व बुरूज अद्यापि बऱ्याच प्रमाणात उभे असून दख्खनी भुईकोटाच्या अभ्यासकांस ते मोलाचे साधन आहेत.