मापाचा कप आणि शाळेतला स्वयंपाक

मुलांना केक करायला बसवले की अपूर्णांक आणि रसायनशास्त्र आपोआप कळते, असे हल्ली मोठ्या उत्साहाने सांगितले जाते. १८९६ साली अमेरिकेत घडलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तर हे ‘आपोआप’ टिकत नाही. त्या वर्षी बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रमुख फॅनी फार्मर यांचे पाककृतींचे पुस्तक निघाले. प्रकाशकाला खपाची इतकी धास्ती होती, की पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च बाईंनीच सोसला. तोवर कृतींमध्ये ‘अंड्याएवढे लोणी’ चालत असे. आपल्याकडचे ‘अंदाजाने मीठ’ त्याच कुळातले. फार्मरबाईंनी कप आणि चमचा सपाट भरूनच मोजायचा, असा दंडक घातला. केक निम्मा करायचा तर पाऊण कपाचे निम्मे किती, हा प्रश्न माप ठरलेले असेल तरच मुलाला विचारता येतो. गणिताची सोय झाली ती अशी. पण माप नेमके झाले की कृती निमूटपणे पाळायची सवयही लागते. शिवाय तो कप दिसतो तितका प्रामाणिक नाही. मैदा चाळून हलका भरला आणि दाबून भरला, तर त्याच कपातले वजन बदलते. हे मुलांच्या लक्षात यायला तराजूच हवा.

त्याच वर्षी जानेवारीत शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली. तिथे मुलगे आणि मुली दोघेही स्वयंपाक करत, त्यामुळे ‘हे पोरींना घरकामाला जुंपणे’ हा आक्षेप त्या शाळेला तरी लागू होत नाही. ‘द स्कूल अँड सोसायटी’ या १८९९ च्या पुस्तकात ड्यूईंनी अंडी शिजवण्याचा धडा वर्णिला आहे. कमी-जास्त गरम पाण्यात पांढऱ्या बलकाचे काय होते, हे मुलांनी करून पाहिले. सांगितल्याबरोबर अंडे पाण्यात टाकायचे आणि सांगितल्यावर काढायचे, याला ड्यूई शिक्षण मानायला तयार नव्हते. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे: पदार्थ तोच, पण एकीकडे आज्ञा आणि दुसरीकडे प्रश्न.

यावर खर्चाचा आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. ड्यूईंच्या शाळेत एका टप्प्यावर सुमारे १४० मुलांना २३ शिक्षक होते. साठ मुलांच्या वर्गात ते जमणार नाही. अपूर्णांकांचा सरावही शेवटी वहीतच करावा लागतो, केक त्याची जागा घेत नाही. पण प्रश्न विचारायला तेवीस शिक्षक लागत नाहीत. केकचे पीठ दोन छोट्या भांड्यांत करा. सोडा दोन्हींत सारखा, पण एकात दही आणि दुसऱ्यात तेवढेच दूध. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुलतो. दुसरा कमी फुलतो, वर साबणासारखी चवही येते. कारण लगेच सांगू नका, आधी मुलांना दोन्ही चाखू द्या.