पाद्री मराठी शिकतो तेव्हा: गॉर्डन हॉलची मुंबई

११ फेब्रुवारी १८१३ रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले. नॉटबरोबर त्याची बायको रॉक्सानाही होती. हॉल तेव्हा २८ वर्षांचा होता, मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचा. मिशनरी म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच धर्मांतराचा वाद सुरू होतो. तो वाद महत्त्वाचा आहेच, पण आज आपण आधी एक साधा प्रश्न विचारू: हा माणूस दिवसभर करायचा काय?

पहिल्या एक-दोन वर्षांचं उत्तर सोपं आहे. तो परवानगीची वाट पाहायचा आणि मराठी शिकायचा.

आधी परवानगीचं बघू. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मप्रचाराने लोक बिथरतील आणि राज्यकारभार अवघड होईल, ही तिची भीती. त्यात ही मंडळी जहाजावर असतानाच, जून १८१२ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झालं. कलकत्त्याला पोचल्यावर त्यांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला. त्यांचा सोबती सॅम्युएल न्यूएल बायकोला घेऊन मॉरिशसकडे निघाला. वाटेत समुद्रावरच त्यांचं बाळ गेलं आणि नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला हॅरिएट न्यूएलही गेली. ती फक्त १९ वर्षांची होती.

हॉल आणि नॉट मुंबईला आले खरे, पण हुकूम त्यांच्या मागोमाग आला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना त्यांच्याबद्दल सहानुभूती होती, तरी वरून आलेला आदेश ते मोडू शकत नव्हते. १८१३ च्या अखेरीस दोघे गुपचूप गलबतात बसून कोचीनला पळाले. तिथे पकडले गेले आणि परत मुंबईत आणले गेले. मग हॉलने गव्हर्नरला कळकळीचं पत्र लिहिलं. बऱ्याच घासाघिशीनंतर त्यांना राहू देण्यात आलं. व्हिसाच्या एका कागदावर ज्यांचं पुढचं वर्ष टांगलेलं असतं, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

आता मराठीचं. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश आला १८३१ मध्ये, म्हणजे हॉलच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. विल्यम केरीने १८०५ मध्ये व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला होता, पण तो बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून. त्यामुळे खरा आधार म्हणजे पगारावर ठेवलेला पंडित. त्याच्यासमोर बसायचं, बालबोध गिरवायची, मोडी ओळखायची, तो-ती-ते मध्ये अडखळायचं. पंडिताची भाषा संस्कृतकडे झुकलेली, बाजारातली वेगळीच. शिवाय मुंबईत कानावर गुजराती, हिंदुस्तानी, पोर्तुगीज सगळंच पडणार. घरून पत्र यायला महिनोन्‌महिने लागणार.

थोडं बोलता येऊ लागल्यावर हॉल देवळांजवळ, तळ्यांच्या काठी, बाजारात जाऊन उपदेश करू लागला. लोक जमत, ऐकत, उलट प्रश्न विचारत आणि घरी जात. धर्मांतरं अगदीच मोजकी झाली. मग मिशनने शाळा काढल्या. तिथे शिकवायला बहुतेक पंतोजीच असत. आईबापांना हवं होतं लिहिणं-वाचणं आणि हिशेब, पंतोजींना पगार, आणि पाद्र्यांना पोरांच्या हातात बायबलचे धडे. प्रत्येक जण दुसऱ्याकडून आपल्याला हवं ते घेत होता. १८२४ मध्ये याच मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली.

आता दुसरी बाजू. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूएल यांची जगाच्या धर्मांतराविषयीची एक पुस्तिका अमेरिकेत छापली गेली. तिच्यात ६० कोटी लोकांचा हिशेब मांडला होता: इतक्या 'अंधारातल्या' माणसांसाठी किती मिशनरी पाठवायला हवेत? हा माणूस साम्राज्याचा नोकर नव्हता, उलट साम्राज्याने त्याला हाकलायचा प्रयत्न केला. तरीही समोरच्या माणसाकडे स्वतःचं शहाणपण असू शकतं, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. हे झाकून त्याच्या कष्टांचं कौतुक करता येणार नाही. पण कागदावर ६० कोटींचा हिशेब करणाऱ्या या माणसाचं रोजचं काम एका पंडिताशिवाय अडत होतं, हेही तितकंच खरं. मिशनच्या अहवालांत तो पंडित बहुतेक वेळा नुसता 'पंडित' म्हणून येतो.

मिशनचा छापखानाही असाच दुसऱ्यांच्या हाती गेला. १८१७ मध्ये तिथून मराठी पुस्तिका निघू लागल्या. पुढे गणपत कृष्णाजी या मिशनच्या छापखान्यात काम शिकले आणि १८३१ मध्ये त्यांनी स्वतःच्या छापखान्यात मराठी पंचांग छापलं. जावजी दादाजीही लहानपणी मिशनच्याच छापखान्यात कामाला होते. त्यांच्या 'निर्णयसागर'ने पुढे संस्कृत ग्रंथांच्या देखण्या आवृत्त्या काढल्या. हे काही हॉलच्या योजनेत नव्हतं.

१८२१ मध्ये न्यूएल पटकीने गेला. नॉट तर १८१५ मध्येच तब्येतीमुळे परतला होता. १८२५ मध्ये हॉलने बायको मार्गारेट आणि दोन्ही मुलांना अमेरिकेला पाठवलं. त्यातला एक मुलगा वाटेतच दगावला. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकला गेला, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं वाटून संपल्यावर तो परत निघाला. वाटेत एका देवळाच्या आश्रयाला मुक्काम केला आणि तिथेच त्याला पटकीने गाठलं. २० मार्चला तो गेला. बरोबर असलेल्या दोन तरुण मुलांनी त्याला पुरलं. ज्या मराठी नव्या कराराच्या भाषांतरावर तो इतकी वर्षं खपला, तो त्याच वर्षी छापून झाला.

या मिशनची कागदपत्रं आज हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहेत. तुमच्यापैकी कुणी बॉस्टनच्या आसपास असेल, तर ती जरूर बघा. आणि वाचताना पाद्र्याबरोबरच त्याच्या समोर बसलेल्या पंडितालाही शोधा.