बहुत काय लिहिणे?

माणसाला स्वतःला काय हवे आहे ते सांगता येत नाही, हा शोध मला बँकेच्या काउंटरमागे बसून लागला. बावीस वर्षे मी ते काउंटर सांभाळतो आहे. रोज कोणीतरी काचेखालून कोरा कागद आत सरकवतो आणि म्हणतो, "साहेब, जरा एक अर्ज लिहून द्या ना."

"काय लिहू?"

"ते आपलं नेहमीचं."

आता ह्या 'नेहमीच्यात' चेकबुक हरवल्यापासून संयुक्त खात्यातून मेव्हण्याचे नाव काढण्यापर्यंत सगळे येते. एकदा गर्दीच्या वेळी मी एका गृहस्थांना काही न विचारता नव्या चेकबुकाचा अर्ज लिहून दिला. त्यांनी न वाचता सही केली. दुसऱ्या दिवशी ते परत आले. त्यांना खाते बंद करायचे होते. चूक कोणाची, याबद्दल आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

हे सगळे आठवायला कारण झाला माझा आरोंद्याचा मामेभाऊ. आरोंदा हे माझे आजोळ. सावंतवाडी तालुक्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीकाठी. पलीकडच्या तीरावर गोवा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज होते. आता पुलावरून चालत जाता येते; परत येताना मात्र नाक्यावर पिशवीत काय आहे ते सांगावे लागते, आणि तिथे "ते आपलं नेहमीचं" हे उत्तर चालत नाही.

तर ह्या मामेभावाने कोकमाचा धंदा काढला. आमसुले, आगळ आणि अमृत कोकम. देशावरच्या वाचकांसाठी सांगतो: अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातले सरबत, आणि आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. ते सोलकढीत चमचाभर घालायचे असते. दोन्ही लाल, दोन्ही बाटलीत. माझे पन्नास हजार रुपये ह्या धंद्यात असल्यामुळे मला हा फरक फार चांगला समजतो.

जाहिरात लिहायला पैसे देऊन माणूस कशाला ठेवायचा, म्हणून भावाने मोबाइलमधल्या एका लिहित्या यंत्राला विचारले. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून ह्या जातीची यंत्रे गावोगाव पोचली आहेत. भावाने हुकूम सोडला तो एका ओळीचा: "आरोंद्याच्या कोकम आगळाची झकास जाहिरात लिही."

यंत्राने झकास लिहिली. आरोंद्याच्या सोनेरी समुद्रकिनाऱ्यावर माडांच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चव! साखरमुक्त आरोग्यपेय! रोज एक ग्लास घ्या आणि रक्तदाब विसरा! भावाला ती इतकी आवडली की त्याने दोन हजार पत्रके छापली आणि उरलेल्या जगाला व्हॉट्‌सअ‍ॅपवरून पाठवली.

महिन्याभराने डोंबिवलीहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पत्र आले. शाईने लिहिलेले, समास सोडलेले. त्यांना रक्तदाबाचा विकार. डॉक्टरांनी मीठ जपून खायला सांगितलेले. पत्रक वाचून त्यांनी आठ दिवस रोज एक ग्लास आगळ पाण्यात घालून घेतले. नवव्या दिवशी चक्कर येऊन पडल्या. मुलाने दवाखान्यात नेले, त्यांच्या नशिबाने थोडक्यात निभावले. रागाचा एक शब्दही न वापरता त्यांनी शेवटी विचारले होते, "हे पत्रक आपण स्वतः वाचले होते काय?"

भाऊ मला म्हणाला, "दादा, मशीन खोटं बोललं."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे इतिहासाचा नाद मला चोरून करावा लागतो. पण त्या रात्री मी त्याला चोख ऐतिहासिक उत्तर दिले. दुसऱ्याकडून लिहून घेणे ही काही कालची गोष्ट नव्हे. आपल्याकडे तिचे शास्त्रच होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर परंपरेने 'मेस्तक' सांगतात. पत्र कोणाला कसे लिहावे याचे ते बाड. वडिलांना कोणता मायना, धाकट्याला कोणता, बरोबरीच्याला कोणता, सगळे नमुन्यांसकट. म्हणजे लेखणी उचलण्यापूर्वीचा पहिला प्रश्न: वाचणारा कोण? माझ्या भावाच्या एका ओळीत वाचणारा कोणीच नव्हता. यंत्राने मग तो सगळ्या जगासाठी धरला आणि सगळ्या जगाला चालेल असे लिहिले. त्यात डोंबिवलीच्या बाई सापडल्या.

दुसरे उदाहरण तर आमच्या कोकणातलेच. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला पाठवलेले पत्र आहे. आमचे साहेब असते तर एक ओळ सांगितली असती: "पावसाळ्यात सर्वांनी काळजी घ्यावी. हुकमावरून." महाराजांनी काय लिहून पाठवले ते पाहा. दाणागोटा आत्ताच संपवाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचे धान्य, भाजी, लाकूड उचलाल. मग रयत म्हणेल, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणून काय लागेल ते विकत आणा. आणि गवताच्या गंजी जपा. कोणी विस्तव घेऊन तंबाखू ओढायला जाईल, कोणी भलत्या जागी चूल पेटवील. इतकेच नव्हे, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळ्या गवताची राख होईल. राज्य चालवणाऱ्या माणसाला उंदीर दिसला! काय करायचे, का करायचे, काय करायचे नाही आणि चुकले तर काय होईल, हे सगळे एका कागदात. मी ते पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या मुख्य कचेरीची परिपत्रके आठवून मला दुःख झाले.

पण महाराजांनी सगळे लिहवून घेतले तरी ते तसेच जात नसे. १६७४ च्या कानुजाबत्यात अष्टप्रधानांची कामे ठरवून दिली आहेत. त्यांत सचिवाचे एक काम असे की राजपत्रे तपासून अधिकउणे अक्षर आणि मजकूर शुद्ध करावा. पत्राच्या शेवटी मोर्तब उमटे ते पुढे कोणी काही घुसडू नये म्हणून. आमच्या आरोंद्याच्या राज्यात सचिवाची जागा रिकामी होती, आणि छापखानेवाल्याने मोर्तब केले.

"मग बाळाजी आवजी?" भाऊ म्हणाला. त्यालाही चौथीचे पुस्तक आठवत होते.

बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला त्यांना फुरसत झाली नाही. वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोरा कागद समोर धरून अख्खे पत्र खडाखड वाचले. नंतर कागद पाहिला तर पांढरा. महाराज खूश. खरी असो वा नसो, गोष्ट छान आहे. पण बाळाजींच्या हातातला कागद कोरा होता, डोके नव्हते. महाराजांच्या मनात काय आहे, ज्याला लिहायचे तो कसा आहे, हे त्यांना ठाऊक होते. भावाचे यंत्रही कोऱ्या कागदावरून खडाखडा वाचते, पण त्याला ना भाऊ ठाऊक, ना आगळ. त्याने वाचलेला असतो तो अब्जावधी शब्दांचा ढीग, आणि त्यावरून एका शब्दापुढे दुसरा कोणता शोभेल एवढे ते बघते. 'कोकण' म्हटले की पुढे समुद्रकिनारा आणि माड येणारच. 'आरोग्य' म्हटले की मागून रक्तदाब आलाच. खोटे बोलायला आधी खरे माहीत असावे लागते. ते पाप त्याच्या हातून घडत नाही.

जुन्या पत्रांच्या शेवटी येते ना, 'बहुत काय लिहिणे, तुम्ही सुज्ञ असा'? आम्हां लोकांची सवय बिघडवली ती ह्या वाक्याने. कारण समोरचे खरोखरच सुज्ञ होते. आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते. मॅनेजर म्हणायचे, "त्या पार्टीला एक कडक पत्र टाका." हेडक्लार्क चष्मा कपाळावर नेऊन विचारायचे, "हे कितवं पत्र? हप्ता थकून नव्वद दिवस झाले का? जामिनाला प्रत द्यायची? आणि साहेब, कडक म्हणजे किती कडक? त्यांची ठेवपण आपल्याकडेच आहे." एवढे झाल्यावर मॅनेजर म्हणायचे, "मग राहू दे, फोन करू." निम्मी पत्रे अशी प्रश्नांतच वाचली. हेडक्लार्क निवृत्त झाले. यंत्र बहुधा उलट विचारीत नाही. विचार असे सांगितले तर विचारते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

कळले तेही इतिहासाने नव्हे, मामांनी. मामा ऐंशीच्या घरातले, गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणे घालावे तर त्यांनीच. आम्ही पडवीत मोबाइल घेऊन बसलो होतो. त्यांनी पत्रक वाचायला लावले आणि 'सोनेरी समुद्रकिनारा' ऐकताच हात वर केला.

"आरोंद्यात समुद्र खंय आसा रे? खाडी आसा! तू तेका काय सांगलंस?"

भावाने आपली एक ओळ वाचून दाखवली.

"इतक्याच?" मामा म्हणाले. "देवाक सगळां म्हायत आसता. तरी आमी नाव, गाव, वाडी, कुळी सगळां सांगतंव. ह्या मेल्याक कायच म्हायत नाय, आणि तेका तू एका वळीत गुंडाळतंस?"

कोकणातले गाऱ्हाणे ज्याने ऐकले आहे त्याला मामांचे म्हणणे पटेल. कोण उभा आहे, कुठला आहे, कशासाठी आला, काय अडचण, काय होऊ दे, काय होऊ देऊ नको, कोणाची आडकाठी असेल तर ती कशी दूर कर; मध्ये काही सुटत नाही, आणि प्रत्येक कलमाला मागचे लोक 'व्हय म्हाराजा' म्हणून रुजवात देतात. कौल लावतानाही तसेच. पाकळी उजवी पडली तर काय समजायचे हे आधी बोलून घ्यावे लागते. प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच.

मामा उठून उभे राहिले. टोपी घातली. भावाने टायपायला घेतले.

"बा म्हाराजा! हो तुझ्यासमोर उभो आसा तो आरोंद्याचो कोकमवालो. तेच्या मागल्यादारी रातांब्याची झाडां आसत. तो आगळ करता, तेच्यात मीठ घालता, साखर घालीत नाय. तां सोलकडीत चमचोभर घालूचा, गिलासान पिवचा न्हय. तां घेतल्यार कोणाचो रोग जाता असां तुवां लिवू नको. आमच्याकडे समुद्र नाय, खाडी आसा. वाचणारी मुंबयची, घरात रांधणारी माणसां आसत. तेंका समजात असां धा वळींत लिव. आणि जां तुका म्हायत नाय, तां आधी इचार. मनाचां घालू नको!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघे म्हणालो. सवयच ती.

मी त्यात दोन कारकुनी कलमे जोडली. मामीने आगळाबद्दल मुंबईच्या बहिणीला लिहिलेले एक जुने पत्र नमुन्याला दिले, म्हणजे बोलण्याचा घाट तसा यावा. आणि आगळ, आमसूल, अमृत कोकम ह्या तीन शब्दांचे अर्थ लिहिले. महाराजांच्या राजव्यवहारकोशात चौदाशेच्या आसपास शब्द होते. आमचे राज्य लहान.

यंत्राने ह्या वेळी जाहिरात लिहिलीच नाही. उलट तीन प्रश्न विचारले. बाटली किती मापाची? उघडल्यावर किती दिवस टिकते? आणि एका बाटलीत मीठ किती?

भाऊ गप्प. त्याने मामीकडे पाहिले.

"मूठभर," मामी म्हणाल्या.

"कोणाची मूठ?" मामांनी विचारले. वास्तविक मूठ मामींची, पण मधल्या वेळी सुनेची, आणि ताप आला तेव्हा भावाची. दोन हजार पत्रके वाटून झाल्यावर आम्हांला कळले की आपल्या बाटलीत काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणला. लेबलावर घटक, वजन आणि तारीख कायद्यानेच द्यावी लागते. आणि खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही, हे २०१८ च्या नियमांत आहे. मी ते वाचून दाखवले. मामा म्हणाले, "तां मी कालच सांगलंय."

जाहिरात दहा ओळींची झाली. मामांनी ती दोनदा वाचायला लावून 'अमृततुल्य' हा शब्द काढवला. शिल्लक पत्रके चुलीत गेली. आधी वाटलेल्यांना भावाने व्हॉट्‌सअ‍ॅपवर चूक कळवली, आणि पंधरा-वीस जणांना फोन केले.

राहिले बाईंचे पत्र. भाऊ म्हणाला, "माफीचं पत्र त्याच मशीनकडून—"

"तां हातान लिव," मामा म्हणाले.

तो कागद घेऊन बसला. अर्ध्या तासाने माझ्याकडे आला. "दादा, तू बँकेत एवढं लिहितोस. जरा दे ना लिहून."

"काय लिहू?"

"ते आपलं—" म्हणाला, आणि परत जाऊन बसला. चार कागद फाडले. पाचवा पोस्टात टाकला.

दहा दिवसांनी तेच पत्र परत आले. बाईंनी लाल शाईने तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले होते, एका वाक्याखाली रेघ मारून समासात 'ठीक' लिहिले होते. खाली पत्ता, आणि मागणी: आमसुले अर्धा किलो, बिनमिठाची.