घडवलेले क्रियापद आणि घडलेले क्रियापद

एका व्यक्तीच्या आराखड्यातून सिद्ध झालेल्या भाषेला इतिहास असू शकतो काय, हा प्रश्न क्रियापदाच्या संदर्भात विशेष तीव्र होतो. कारण काळाचा बोध करून देणारी व्यवस्थाच काळाच्या प्रभावाबाहेर राहील, असे येथे गृहीत धरलेले असते. लुडविक झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे प्रसिद्ध केलेल्या एस्पेरांतोत वर्तमान, भूत व भविष्य यांसाठी अनुक्रमे -आस, -इस, -ओस हे प्रत्यय आहेत. पुरुष, लिंग, वचन यांचा क्रियापदावर परिणाम नाही, अपवादही नाहीत. 'ती वसमतला गेली', 'ते वसमतला गेले' या वाक्यांत मराठी क्रियापद बदलते. एस्पेरांतोत दोन्हीकडे 'इरिस' हे एकच रूप येते. १९०५ मध्ये बुलोन येथील अधिवेशनात या भाषेचे मूलाधार अपरिवर्तनीय मानले गेले. भूदान पदयात्रेच्या काळात विनोबा भावे युगोस्लाव प्रवासी तिबोर सेकेल यांच्याकडून ही भाषा शिकले, ती अशा काटेकोर नियमबद्धतेसह.

तथापि वाद उद्भवला तो नेमका क्रियापदाच्याच क्षेत्रात. 'जन्म झाला' या अर्थी कर्मणी कृदन्त 'नास्काता' असावे की 'नास्किता'? प्रत्यय सापेक्ष काळ दाखवतो, असे मानणारे पहिल्या रूपाच्या बाजूचे. तो क्रियेची पूर्णता दाखवतो, असे मानणारे दुसऱ्या. मूळ नियमांचा आधार दोन्ही पक्षांना घेता येत होता. अखेर १९६७ मध्ये एस्पेरांतो अकादमीने पूर्णतेच्या बाजूने कौल दिला.

काळ आणि पूर्णता यांतील हा संघर्ष मराठीने कोणत्याही अकादमीविना अनुभवला आहे. 'गेला' हे रूप मुळात कृदन्त. संस्कृत 'गत' आणि प्राकृतातील -इल्ल- हा विस्तारक प्रत्यय यांतून ते आले आणि पूर्णतावाचकाचे भूतकाळवाचक झाले. म्हणूनच ते विशेषणाप्रमाणे लिंग-वचन पाळते, आणि 'त्याने पोळी खाल्ली' येथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. व्याकरणाला जो अपवाद वाटतो, तो वस्तुतः इतिहासाचा अवशेष असतो. ही प्रक्रिया संपलेलीही नाही. मराठवाड्याच्या बोलीतील 'करायलो' या रूपात 'करायला लागलो' ही द्विपदी रचना एका पदात मिटली आहे, आणि आरंभाचा अर्थ मागे पडून चालू क्रियेचा अर्थ पुढे आला आहे. अशा रूपाला प्रमाण व्याकरणाने अशुद्ध म्हणणे म्हणजे ज्या वाटेने 'गेला' आला, तीच वाट नाकारणे होय.

कृत्रिम भाषा प्रचारात येताच तिच्यावरील कर्त्याचे नियंत्रण सुटते, असे फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत एस्पेरांतोचाच उल्लेख करून सुचवलेले आहे. उपर्युक्त वाद त्याची साक्ष देतो. घडवलेल्या आणि घडलेल्या भाषांतील भेद उगमाचा आहे, गतीचा नव्हे. संहितेच्या अर्थावर लेखकाचा अंतिम अधिकार मानणाऱ्या समीक्षेलाही हा दृष्टान्त विचारात घ्यावा लागेल: जेथे कर्ता ज्ञात आहे, नियम लिखित आहेत आणि अपरिवर्तनीयता घोषित आहे, तेथेसुद्धा अर्थ वापरणाऱ्यांच्या वादातूनच निश्चित झाला.