लुईस बेटाची भूमी आणि मतदारयादी

आमच्या लहानपणी घरोघरच्या मोरीत सनलाइट साबणाची वडी असे. हा साबण बाजारात आणणारे कारखानदार विल्यम लेव्हर, म्हणजेच लॉर्ड लेव्हरह्यूम. त्यांनी १९१८ साली स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस हे अख्खे बेट विकत घेतले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. पाचच वर्षांनी त्यांनी ते तेथील रहिवाशांना फुकट देऊ केले आणि, नवल असे की, बेटाच्या बऱ्याच मोठ्या भागाने ते दान नाकारले!

लेव्हरह्यूम यांना स्टॉर्नोवे बंदराभोवती मासळीचा प्रचंड उद्योग उभारावयाचा होता. परंतु महायुद्धावर गेलेल्या तरुणांना जमिनीची आशा दाखविण्यात आली होती. १ जानेवारी १९१९ च्या पहाटे त्यांच्यापैकी कित्येकांना घरी आणणारी ‘आयोलेअर’ ही नौका बंदराच्या तोंडाशी खडकांवर आदळली. सुमारे दोनशे माणसे घराच्या उंबरठ्याशी बुडाली. जे परतले त्यांना कारखान्यातील मजुरी नको होती; हक्काचा जमिनीचा तुकडा हवा होता. कोल आणि ग्रेस येथील मोठ्या शेतमळ्यांत शिरून त्यांनी ताबा सांगितला. अखेर १९२३ मध्ये लेव्हरह्यूम यांनी लुईसमधून अंग काढून घेतले.

स्टॉर्नोवे पॅरिशने देणगी स्वीकारली. (येथे पॅरिश म्हणजे आपले धर्मग्राम नव्हे, नागरी कारभाराचा विभाग. बेट बहुतांशी कट्टर प्रेस्बिटेरियन आहे.) बाहेरच्या खेड्यांतील कुळांनी मात्र हिशेब मांडला. १८८६ च्या कायद्याने त्यांना वाजवी खंड आणि वंशपरंपरागत वहिवाट आधीच मिळाली होती. आपल्या कूळकायद्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! मालक झालो तर मालकाचे करही आपल्याच माथी येतील, हे त्यांनी ओळखले. त्यांना मूर्ख म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

स्टॉर्नोवेच्या सुमारे ६९,००० एकरांसाठी १९२३ साली विश्वस्तनिधी स्थापन झाला. त्याचा कारभार दहा विश्वस्त पाहतात. त्यांना निवडण्याचा अधिकार त्या हद्दीत राहणाऱ्या आणि मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला आहे. कूळ असो, भाड्याच्या खोलीतील शिक्षक असो, मत एकच. जमीन किती कसता, आजोबा कोण होते, असे कोणी विचारीत नाही; पण बेट सोडून गेलात की मतही गेले.

येथे मला आपल्या शेजारच्या गोव्यातील कोमुनिदाद, म्हणजे जुनी गावकरी संस्था, आठवते. तिचीही जमीन सामाईक, तिचीही व्यवस्थापक समिती दर तीन वर्षांनी निवडली जाते. मात्र तेथील हक्क मुख्यतः मूळ गावकरांच्या पुरुष वंशजांचा. मुंबईत जन्मलेला जोणकार मत देऊ शकतो. तीन पिढ्या त्याच वाड्यावर घाम गाळणारा उपरा नाही, आणि गावकराची लेकही नाही. वंशाच्या कुंपणाने पुष्कळ जमीन राखली, हे नाकारता येत नाही. तरीही जो त्या मातीवर राहतो त्याला विचारावे, ही लुईसची रीत मला अधिक न्याय्य वाटते.

ती रीत निर्वेध मात्र नाही. मतदार मालक निवडतो आणि मग त्याच मालकाचे कूळ होऊन घरी जातो. पवनचक्क्यांच्या प्रश्नावर हे उघडे पडले. विश्वस्त एका मोठ्या कंपनीच्या प्रकल्पाच्या बाजूचे होते, तर चार वस्त्यांतील कुळांना सामाईक कुरणावर स्वतःच्या पवनचक्क्या हव्या होत्या. शहरातील मतदार संख्येने भारी आणि कुरणाशी संबंध असलेला थोडा. अशा वेळी बहुमत कोणाचे, हा प्रश्न मतपेटीने सुटतोच असे नाही.

ज्यांनी १९२३ साली देणगी नाकारली, त्यांच्या गावांची जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. त्यांतील उत्तरेकडची गॅल्सन इस्टेट, सुमारे ५६,००० एकर, २००७ साली तेथील रहिवाशांनी स्वतःची संस्था काढून घेतली. या वेळी ती फुकट मिळाली नाही.